काचेपलीकडचं कासव

मायनं आधार कार्ड आणून खुर्चीच्या हातावर ठेवलं, तेव्हा दिनेश मोबाइलवर रेल्वेच्या तिकिटासाठी तिसऱ्या प्रवाशाचं वय भरत होता. कार्ड दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, वरून रबर. ठेवलं आणि ओलं फडकं घेऊन मागच्या दारी गेली, पपईच्या पानांवरची राख पुसायला. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राख पुसायची नसते, हे तिला आठ वर्षांत कळलं नव्हतं. वीज केंद्राची धुराडी समोर उभी असताना पान पुसून काय होणार? संध्याकाळी पुन्हा तेवढीच. पण ती एकेक पान तळहातावर घेऊन पुसायची, लेकराचं नाक पुसावं तसं. दिनेशनं कार्डाकडे पाहिलं. सुकरी, जन्मसाल अंदाजानं टाकलेलं, फोटोत डोळे वटारलेले. आणि तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. मायला न्यायचं की नाही, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. तो, निशा आणि मयुरी. महिनाभर घरात हैदराबादच्या त्या मोठ्या मत्स्यालयाचं चाललं होतं आणि महिनाभर त्याच्या डोक्यातला आकडा तीनच होता. नको म्हणायलाही माणूस आधी आठवावा लागतो. तो स्वतःवरच थोडा चिडला, मग सवयीनं मायवर चिडला. कार्ड उलटं करून ठेवलं आणि मयुरीच्या नावापुढे नऊ लिहिलं.

मुळात ही कल्पना त्याची नव्हतीच. ती शेजारच्या घरातून आली होती, फोडणीच्या वासासारखी, दार न वाजवता. शेजारचा नबील त्याच्याच पाळीत काम करायचा. उन्हाळ्यात तो बायकोपोरांना घेऊन हैदराबादला गेला आणि त्याच्या बायकोनं, मदीहानं, मोबाइलच्या स्टेटसवर चाळीस फोटो टाकले. चाळीसही फोटोंत नबील काचेला पाठ लावून एकच हसू हसत होता आणि मागे एक चपटा मासा तेच हसू हसत होता. दिनेशनं ते फोटो एकामागून एक, चाळीसही पाहिले, कारण तुच्छ मानायचं तर नीट पाहूनच मानावं असं त्याचं तत्त्व होतं. मग निशानं मनावर घेतलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर यादी केली. आत शिरायची वेळ आधी मोबाइलवरून ठरवायची, सकाळची मिळाली तर गर्दी कमी, तिघांना एका रंगाचे टी-शर्ट, निळा नको कारण फोटोत पाणी निळंच येतं. "मयुरीले एक्स्पोजर भेटते," ती म्हणाली. हा शब्द तिनं शाळेच्या पालकसभेतून आणला होता आणि नव्या भांड्यासारखा दहा वेळा काढून दाखवला होता. वैनगंगेच्या काठावरच्या आजोळी मयुरी दोन दिवस राहत नाही, चिखलाचा वास येतो म्हणते. आणि तिला मासे दाखवायला दुसऱ्या राज्यात न्यायचं. काचेच्या बोगद्यातून चालायचं, डोक्यावरून मासे जाणार, खालची माणसं तोंडं उघडी टाकून वर बघणार. कोण कोणाला बघायला आलंय, ते माशांनीच सांगावं. तो स्वतः अठरा वर्षं काचेसमोरच बसला होता, कंट्रोल रूममध्ये, आकडे वरखाली होताना बघत. त्याला बघायला कोणी तिकीट काढून आलं नव्हतं. तरी तो हो म्हणाला होता. नाही म्हटलं असतं तर निशानं महिनाभर तोंड पाडलं असतं, आणि पडलेल्या तोंडाचाही त्याला तितकाच तिटकारा होता.

"माय," त्यानं मागच्या दाराकडे पाहून हाक मारली. "हे कार्ड कायले?"

"तिकिटीले लागते म्हणे. मयुरी सांगे."

"तू येते का तिथी?"

"येईन ना."

"मासे पाहाले? तू तं मासे खात बी नाई."

"मासे नाई रे. कासव पाहाले."

मायनं मासे सोडून पंचवीसेक वर्षं झाली असतील. गावाच्या एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला तलाव, भाताबरोबर दुसरं काय खाणार? तिथं मासे सोडणं म्हणजे बोलणं सोडण्यासारखं होतं. आषाढात चढणीचे मासे बांधावर उड्या मारायचे आणि माय मिरचीचं पाणी करून भातावर घ्यायची. त्या काळात लोकांच्या गळ्यात माळा घालत हिंडणारा एक महाराज गावोगाव येत असे. त्यानंच हिला गुंडाळलं, असा दिनेशचा पक्का समज होता. कँटीनमध्ये तो हे रंगवून सांगायचा. आमची म्हातारी महाराजाच्या नादी लागली, कोंबडी चालते, डुक्कर चालते, मासा तेवढा वर्ज्य, बघा आता कोणत्या शास्त्रात बसतं. लोक हसायचे. त्या हसणाऱ्यांविषयीही त्याला फार आदर वाटायचा नाही.

कासवाचं खूळ मयुरीनं घातलं होतं. तिनं आजीला मोबाइलवर त्या मत्स्यालयाची फिल्म दाखवली. त्यात परातीएवढं एक कासव काचेच्या अगदी जवळून जात होतं, पाय हलवत, घाईत नसल्यासारखं. मायनं ती फिल्म कितीदा बघितली याला हिशोब नाही. मयुरी कंटाळून उठून गेली तरी ती मोबाइल नाकाशी धरून बसायची. पहिल्या दिवशी तिनं एकच विचारलं होतं, हे जित्तं आहे काय?

"ते समुद्रातलं कासव आहे, माय," दिनेश म्हणाला. "आपल्या तलावातलं नाई. त्याचा न् आपला का संबंध?"

"सोयऱ्याचा सोयरा बी सोयराच असते." ती दारात येऊन उभी राहिली, हातातलं फडकं काळंभोर झालेलं. "आपल्या तलावात एक बी नाई राह्यलं आता. मी दर साली जाऊन पाहातो. तलाव ठेक्यानं गेला, जाळं फिरलं, सारं खरडून नेलं. हे दिसलं एक."

कासव त्यांच्या कुळाचं दैवत. त्यांच्या घरात ते मारत नाहीत, खात नाहीत, आणि दुसऱ्याच्या हाती दिसलं तर सोडवतात. दिनेशला बापाची ती सकाळ आठवते. तो सहा-सात वर्षांचा असेल. मासे धरणाऱ्या एका ढिवराच्या जाळ्यात कासव आलं म्हणून निरोप आला, तसा बाप नांगर शेतात टाकून घरी आला. मायनं पायलीभर तांदूळ मोजून दिले, बापानं ते त्या ढिवराच्या पदरात घातले आणि कासव दोन्ही हातांवर घेऊन तलावाकडे चालू लागला, नव्या नवरीला उतरवून घ्यावं तसा जपून. दिनेश मागे पळत होता. पाण्याशी बाप वाकला, कासवाला काहीतरी बोलला, घरातल्या माणसांची नावं घेतली. त्यात दिनेशचंही नाव होतं. कासव पाण्यात गेलं तेव्हा त्यानं मागे वळून पाहिलं नाही. बापाला मात्र फार बरं वाटलेलं दिसत होतं. पायलीभर तांदूळ देऊन बरं वाटणाऱ्या माणसाविषयी काय वाटून घ्यावं, हे दिनेशला पुढे कधीच ठरवता आलं नाही. बाप गेला त्यालाही आता बारा वर्षं झाली.

निशा आतून मायची पिशवी घेऊन आली. बंद तुटलेला, जुन्या चादरीची शिवलेली. "मयुरीचे पप्पा, हे पाहा, खाटेखाली होती," ती आवाज खाली आणून म्हणाली. जायला अजून अठरा दिवस होते आणि म्हातारीची पिशवी भरून तयार होती. एक लुगडं, त्यात फडक्यात बांधलेले तांदूळ, हळदीची पुडी, आणि खोकल्याच्या औषधाची बाटली. दिनेशनं बूच काढून हुंगलं. मोहाची दारू होती. गावाकडे पेनापुढे, म्हणजे आपल्या देवापुढे, धार सोडतात ती. त्याला हसू आलं, ते नाकातूनच बाहेर पडलं. आणि मग त्याला सगळं दिसायला लागलं, एखादी फिल्म आपोआप सुरू व्हावी तसं. थंडगार हवा सोडलेला तो बोगदा, निळा उजेड, लहान मुलांचं किंचाळणं, एका रंगाच्या टी-शर्टमध्ये तो आणि निशा, आणि काचेसमोर माय बसकण मारते आहे. तांदूळ फरशीवर ठेवते. बाटलीचं बूच काढते. वास सुटतो. चुडीदारातल्या बाया बाजूला होतात. कोणीतरी मोबाइल वर करतो. शिट्टी वाजवत रखवालदार येतो आणि तेलुगूत काहीतरी विचारतो, आणि माय त्याला आपल्या बोलीत शांतपणे समजावून सांगते की हे आमचं आहे. आणि मग तो रखवालदार मान वळवून दिनेशकडे बघतो. ह्या तुमच्याबरोबर आहेत का? या एका प्रश्नाला भिऊन तो अठरा वर्षं जगत होता. कंट्रोल रूममध्ये, साहेबाच्या मुलीच्या लग्नात, मयुरीच्या शाळेत, सगळीकडे कोणीतरी हे विचारणार आहे, असं त्याला वाटत राहायचं. अजून कोणी विचारलं नव्हतं.

"राहू दे," तो निशाला म्हणाला. "ठेव जिथल्या तिथी. मी पाहतो."

कासवाविषयी त्याला भीती नव्हती. भीती त्यानं बाराव्या वर्षीच संपवली होती. आश्रमशाळेतली चैताची दुपार, विहिरीला पाणी नाही, जेवणाला भोपळ्याचं पाणी. पत्रूनं ओढ्याच्या डबक्यातून कासव आणलं. पत्रू त्याच्याच गावचा, पण दुसऱ्या कुळाचा, त्याला चालत होतं. चार पोरं, वसतिगृहाच्या मागे काट्याकुट्याचा जाळ. पत्रू म्हणाला, तुले नाई देत, तुह्या घरचा देव आहे तो. बाकीचे हसले. दिनेशनं हात पुढे केला. भूक होती हे खरं, पण भुकेपेक्षा दुसरंच काहीतरी होतं. त्याला बघायचं होतं. देव असेल तर ओकवेल, घशात अडकेल, तोंड वाकडं करेल. मांस चिवट होतं, धुराचा आणि चिखलाचा वास. तो सावकाश चावत राहिला. गिळलं. वाट पाहिली. काहीच झालं नाही. रात्री त्याला छान झोप लागली. सकाळी पोट साफ झालं. आणि काहीच झालं नाही या गोष्टीनं त्याच्या आत जे काही कडू होऊन बसलं ते तिथंच राहिलं. त्यानंतर बाप पाण्याशी वाकला की त्याला कीव यायची. मग गावाची, मग मास्तरांची, मग साहेबांची, नबीलची, निशाच्या यादीची. ज्यानं बाराव्या वर्षी देव खाऊन पचवला, त्याला नंतर कशाचं अप्रूप राहणार? कासवाची पाठ पोरांनी संडासाच्या भिंतीमागे पुरली होती. कोणाला कळलं नाही.

मोबाइलवर त्यानं पुन्हा पाहिलं. जागा होत्या, हिरव्या अक्षरांत. चौथं नाव घालायचं म्हटलं तर दहा सेकंदांचं काम. माय पाठीमागे येऊन उभी होती, ओले हात लुगड्याला पुसत. तिच्या अंगाला राखेचा आणि कडुनिंबाच्या साबणाचा वास येत होता. त्यानं तिघांचं तिकीट पक्कं केलं. खूण उमटली. मग त्यानं मुद्दाम दोनदा बोट फिरवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "माय, तुह्यं नाई होऊन राह्यलं. वेटिंग दाखवते. गाडी भरली."

निशा ओट्याजवळ उभी होती. तिनं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कांदा चिरायला लागली. तिच्या त्या गप्प राहण्याचाही त्याला राग आला. खोटं बोलायचं ते मी, आणि सोय हिची.

माय आत गेली. खाट सरकवल्याचा आवाज आला. मग ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि त्याच्या खुर्चीसमोर फरशीवर बसली. तांदळाची पुरचुंडी, हळद, बाटली, एकेक काढून तिनं त्याच्या पायांशी मांडलं.

"मंग हे तू घेऊन जाजो."

"मी?" तो हसला. "मी असलं काई करत नाई, माय. तुले माहीत आहे."

"तुलेच करा लागते," माय म्हणाली. "खाल्लं तं तुनंच ना."

बाहेर कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती. सुरी थांबली होती. निशाला काही समजलेलं नव्हतं, पण तिनं सुरी थांबवली होती.

"ठमाबाईनं सांगतलं," माय म्हणाली. ठमाबाई म्हणजे पत्रूची माय. "त्याच हप्त्यात, बाजारात. पोरानं तिले सांगतलं, तिनं मले. तुह्या बापाले नाई सांगतलं म्या. त्याले सोसलं नसतं."

"सव्वीस वर्षं झाली, माय." त्याचा आवाज त्याला पोरकट वाटला. "तू बोलली काऊन नाई?"

"तू लहान होता. मंग तू शिकून राह्यला. मंग तू साहेब झाला. कवा बोलू?"

ती रागावलेली नव्हती. दिनेशला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हवं होतं, राग, कीव, निदान बापासारखा तो भोळेपणा, म्हणजे त्याला आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसता आलं असतं. तिथं काहीच नव्हतं. ती बाजारातलं काम समजावून सांगावं तशी सांगत होती. आपल्या घरात कोणी खाल्लं तर त्याला जित्त्या कासवासमोर उभं करायचं. घरचं मोठं माणूस बाजूला उभं राहतं आणि बोलतं, हा आमचा आहे, याच्या हातून चुकलं, याला सांभाळ. तांदूळ द्यायचे. झालं. तेवढंच असतं. तेवढं होईस्तोवर खाणाऱ्याच्या मायनं पाण्यातलं खायचं नाही. "तू सुट्टीत येशीन तं नेऊ म्हणे, तं तू उन्हाळ्यात येच ना. मंग आला तं तुले टाइम नसे. मंग कासवंच संपले. मोबाइलमंधी हे दिसलं तं मले वाटलं, चला बाप्पा, मरायच्या आंधी होते काम."

तर महाराज नव्हता. कँटीनमध्ये तो जे रंगवून सांगत होता, लोक ज्यावर हसत होते, ती भातावरची मिरची त्याच्या नावाची होती. सव्वीस आषाढ. चढणीचे मासे बांधावर तडफडत असताना ही बाई घरात पाठ करून बसलेली. त्यानं देव खाऊन पचवला होता म्हणे. पचवत कोणी दुसरीच होती. त्याला लाज वाटली, साधी, लहान पोराला वाटते तशी, कानाच्या पाळ्या गरम करणारी. इतक्या वर्षांत त्यानं साऱ्या जगाला हलकं लेखलं होतं, पण स्वतःला इतकं हलकं कधी पाहिलं नव्हतं.

"मी नसली तरी चालीन," माय गुडघ्यावर हात टेकत उठली. "तूच सांगजो त्याले. बोलता येते तुले. पन त्याच्यापुढं खोटं नको बोलू, आता बोलला तसं."

त्यानं वर पाहिलं.

"वेटिंग असलं तं लाल येते," ती म्हणाली. "मयुरीनं शिकवलं मले. वाचता नाई येत, पन रंग दिसते ना मले. तुह्यं हिरवं होतं."

ती फडकं धुवायला नळाशी गेली. दिनेशनं मोबाइल उचलला. आधार कार्डाचं रबर काढलं, दुधाच्या पिशवीचा तुकडा सोडवला, नाव लिहिलं, वय लिहिलं, खालची बर्थ पाहिजे म्हणून खूण केली. गोल फिरत राहिलं. निशा ओढणीला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. मग अक्षरं उमटली. लाल होती. त्यानं मागे जाऊन पुन्हा सगळं भरलं. पुन्हा लाल, आणि आकडा एकानं वाढलेला. घराघरांतून लोक याच घटकेला हैदराबादला निघाले होते, टी-शर्ट घालून, तोंडं उघडी टाकायला. त्यांना शिव्या द्याव्यात एवढंही त्याच्यात उरलं नव्हतं.

तो मागच्या दारी गेला. माय पपईपाशी उभी होती.

"माय, आता खरंच वेटिंग आहे," तो म्हणाला. "हे पाहा. लाल आहे."

तिनं एक पान तळहातावर घेतलं.

"पाहा ना, माय. मी हे तिघांचं परत करतो. पुढच्या महिन्याचं काढतो, चौघांचं. तुह्या नावानं पयले काढतो. तुही शपथ."

तो मोबाइल तिच्यापुढं धरून उभा राहिला. मायनं पानाच्या देठापासून टोकापर्यंत फडकं फिरवलं, पान उलटलं, खालची बाजू पुसली. मोबाइलकडे तिनं पाहिलं नाही.

"असन," ती म्हणाली, आणि पुढचं पान हातात घेतलं.